लायब्ररी घरून उघडत नाही, सोलापुरात बसून पीएचडी करणाऱ्यांनी काय करायचं?

अशोकचौकवाली

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू, दाराबाहेर मराठी. एका अनुदानित महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. पीएचडीची नोंदणी मात्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी विद्यापीठात आहे, कारण मार्गदर्शक तिथं मिळाले. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तिथल्या कुणाशी माझं वैर नाही आणि प्रबंध तिथंच द्यायचाय.

विषय आहे विडी वळणाऱ्या बायका आणि त्यांची घरं. हा विषय मी कागदावरून उचललेला नाही. माझ्या अम्मानं तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कडेनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, आणि टोक नखानं आत दाबायचं. दिवसाला हजार. हजार झाल्या की पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधताना ती मला मोजायला बसवायची. माझी आकडेमोड तिथं पक्की झाली.

तर, अडचण. संध्याकाळी घरचं आवरून नऊ-साडेनऊला मी लॅपटॉप उघडते. वाचायला माझ्याकडे तेवढाच वेळ असतो. घरी बसून काम करणाऱ्या बायकांवरचे लेख बहुतेक परदेशी प्रकाशकांच्या नियतकालिकांत असतात. सारांश दिसतो, खाली किंमत दिसते, आणि ‘संस्थेमार्फत लॉगिन करा’ असं बटण. ते दाबलं की संस्थांची यादी येते, त्यात आमच्या विद्यापीठाचं नाव आहे. नाव निवडते, ग्रंथालयानं दिलेला आयडी टाकते, आणि ‘चुकीचा पासवर्ड’. फोन केला तर म्हणाले, ‘मॅडम, कॅम्पसवर या, इथं सगळं उघडतं.’

गेले. रात्रीच्या गाडीनं गेले, सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी पायरीवर बसले होते. दिवसाच्या तासिका बुडाल्या, म्हणजे त्यांचं मानधनही बुडालं. आत खरंच सगळं उघडत होतं. पण पेन ड्राइव्ह लावायची परवानगी नाही, प्रिंटर बंद. मग एकेक फाइल स्वतःलाच ईमेल करत बसले. संध्याकाळपर्यंत अकरा लेख हाती आले. परतीच्या गाडीत बघितलं तर त्यातल्या दोन फाइली अर्ध्याच उतरल्या होत्या.

दुसरी गोष्ट मराठी प्रबंधांची. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध जिथं ठेवतात त्या वेबसाइटवर, ‘विडी कामगार’ असं मराठीत टाकलं तर जवळपास काहीच येत नाही. आणि माझ्या विषयाला लागून असलेला एक प्रबंध तिथंच आहे, तो मला वेगळंच काहीतरी चाळताना अवचित सापडला. मग तो शोधात का येत नाही? त्याच्यातला मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला येतो.

मला फुकटची वाट नको आहे. मी फी भरते, माझं नाव त्या विद्यापीठाच्या नोंदवहीत आहे. घरून वाचायचा हक्क मला आहे की नाही, आणि असेल तर तो कुणाकडे मागायचा, एवढं सांगा.

---

बार्शीकर_९७

ताई, सरळ सांगू का? कॅम्पसवरच्या एखाद्या मित्राचा आयडी-पासवर्ड घ्या आणि एका बसणीत सगळं उतरवून ठेवा. आमच्या हॉस्टेलवर सगळे हेच करायलेत. तुमचा पत्रव्यवहार होईस्तोवर सबमिशनची तारीख निघून जाईल.

---

निवृत्त_ग्रंथपाल

बार्शीकर, तुमची कळकळ समजते, पण हा सल्ला देऊ नका. एकाच आयडीवरून तासाभरात शेकडो लेख उतरले की प्रकाशकाच्या यंत्रणेला ते लगेच कळतं. मग तो त्या एका मुलाला नाही, अख्ख्या विद्यापीठाला बंद करतो. माझ्या नोकरीत हे दोनदा झालं. एकदा ऐन मार्चमध्ये, प्रबंधांच्या घाईत, रसायनशास्त्राच्या मुलांना चार दिवस काहीही मिळालं नाही. माफीचं पत्र मी लिहिलं होतं.

आता ताई तुमच्याकडे वळतो. मी ३१ वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली शेवटची बारा-पंधरा याच कामात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅम्पसवर का उघडतं आणि घरी का नाही, ते आधी बघू. विद्यापीठानं आपल्या इंटरनेटचे आयपी पत्ते प्रकाशकाला कळवलेले असतात. त्या पत्त्यावरून कुणी आलं की प्रकाशक दार उघडतो, माणूस कोण ते विचारतही नाही. तुमच्या घरचं वायफाय त्या यादीत नाही. म्हणून घरून येणाऱ्याला आपण कोण ते सांगावं लागतं. त्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संस्थेनं, ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था केली आहे. तुम्ही प्रकाशकाच्या पानावर संस्था निवडता, तो तुम्हाला तुमच्या विद्यापीठाच्या लॉगिन पानावर पाठवतो, तिथं ओळख पटली की परत लेखावर आणून सोडतो. पासवर्ड प्रकाशकाला कधी कळतच नाही.

यादीत तुमच्या विद्यापीठाचं नाव दिसतं, याचा अर्थ ही व्यवस्था तिथं आहे. ‘चुकीचा पासवर्ड’ येतो, याचा अर्थ तुमचं खातं त्यात कुणी उघडलेलं नाही. ग्रंथालयानं दिलेला आयडी बहुधा पुस्तकं देण्या-घेण्याच्या सॉफ्टवेअरचा असावा. तो वेगळा, इन्फेडचा वेगळा. काउंटरवरच्या माणसालाही हे कित्येकदा ठाऊक नसतं, त्याला दोष देऊ नका, त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पुढं कधी ‘तुमच्या संस्थेला हा लेख उपलब्ध नाही’ असा संदेश आला तर मात्र तो वर्गणीचा प्रश्न, खात्याचा नव्हे. हे दोन संदेश वेगळे ओळखले की निम्मा गोंधळ मिटतो.

आता हक्काचं. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, म्हणजे नियतकालिकांची वर्गणी सगळ्या संस्थांसाठी एकत्र सरकारच भरतं. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था त्यात येतात. तुमचं विद्यापीठ सरकारी आहे म्हणता, म्हणजे ते यात असायला हवं. तुमच्या विषयाची बरीच नियतकालिकं सेज, टेलर अँड फ्रान्सिस, केंब्रिज, ऑक्सफर्ड यांची असणार, आणि हे चारही त्या यादीत आहेत. तेव्हा लेखामागे पैसे भरायचा विचारसुद्धा करू नका.

फोन करू नका, ईमेल करा. ग्रंथपालांना करा आणि मार्गदर्शकांना प्रत ठेवा. नोंदणी क्रमांक, नोंदणीच्या पत्राचा फोटो, आणि तो चुकीच्या पासवर्डचा संदेश जसा पडद्यावर दिसतो तसा जोडा. मागणी एका ओळीत लिहा: ‘माझं इन्फेडचं वापरकर्ता खातं उघडून द्यावं.’ लेखी मागणी आली की तिला उत्तर द्यावं लागतं. फोनवरचं बोलणं जेवणाच्या सुट्टीत विरून जातं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहून गेलात, पण तिच्याकडे तुमचं स्वतःचंच लक्ष नाही. तुम्ही अनुदानित महाविद्यालयात शिकवता. अशा महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ योजना २०१० पासून चालू आहे. नियतकालिकं आहेत, शिवाय लाखाहून जास्त ई-पुस्तकं. तिथं आयपीची भानगड नाही, प्रत्येकाला स्वतःचा आयडी मिळतो आणि तो घरूनही चालतो. वापरणाऱ्यांची यादी महाविद्यालयाचे ग्रंथपाल भरतात. त्या यादीत कायम प्राध्यापकांची नावं असतात, तासिकावाल्यांची राहून जातात. मुद्दाम कुणी वगळत नाही. यादी जूनमध्ये होते, तुमची नेमणूक ऑगस्ट-सप्टेंबरात होते. उद्या सकाळी तासिकेच्या आधी तुमच्या ग्रंथपालांकडे जा आणि नाव घालायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

---

अशोकचौकवाली

सर, तुम्ही एवढं लिहिलंत, खूप आभार. सकाळी गेले होते. आमच्या ग्रंथपाल मॅडम खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, ‘अहो, सहा वर्षं शिकवताय, एकदा तरी विचारायचं!’ मी म्हटलं, मला माहीतच नव्हतं की विचारायचं असतं. त्यांनी माझ्यासमोर नाव भरलं, आणि शेजारच्या खोलीतल्या आणखी चार तासिकावाल्यांना हाक मारून त्यांचीही भरली. संध्याकाळी ईमेल आला. आत्ता रात्रीचे दहा वाजलेत आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून मी एका ई-पुस्तकाचं दुसरं प्रकरण वाचतेय.

विद्यापीठालाही ईमेल केलाय. उत्तर आलं की कळवते.

मराठी प्रबंधाचं कोडं मात्र तसंच आहे.

---

निवृत्त_ग्रंथपाल

फार बरं वाटलं. त्या चौघांचं वाचून तर जास्तच.

प्रबंधांबद्दल दोन गोष्टी मला ठाऊक आहेत. शोधगंगेवर प्रबंधाची नोंद बहुतेक इंग्रजीत भरलेली असते, शीर्षक मराठी असलं तरी ते रोमन लिपीत लिहिलेलं. आणि रोमन स्पेलिंग भरणाऱ्याच्या मर्जीवर. ‘विडी’ व्ही-नं आहे का बी-नं, एक ई की दोन, सगळं करून बघावं लागतं. त्यापेक्षा शोधाच्या चौकटीत काहीच न टाकता विद्यापीठ निवडा, मग विभाग निवडा, आणि शीर्षकं ओळीनं वाचत जा. कंटाळवाणं आहे, पण हमखास आहे. एक प्रबंध सापडला की त्याच मार्गदर्शकाच्या नावानं शोधा, त्यांचे बाकीचे विद्यार्थी आसपासच्याच विषयावर सापडतात. आणि नवखे लोक दुसरी-तिसरी फाइल उघडून सोडून देतात. प्रबंध तिथं प्रकरणवार तुकड्यांत असतो. निष्कर्षांचा सारांश बघायचा तर ८० हा आकडा नावात असलेली शेवटची फाइल आधी उघडा.

जुन्या साहित्यासाठी पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह बघाच. घरून, विनामूल्य. स्वतः गाडगीळांनी सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला होता, तो १९६५ चा. तुमच्या पहिल्या प्रकरणाला त्याच्याशिवाय पाया नाही. फक्त शोधताना इंग्रजीत ‘सोलापूर’ टाकू नका, ‘शोलापूर’ टाका. इंग्रजी अमदानीत स्पेलिंग तेच होतं, पुढंही कितीतरी वर्षं तेच चाललं. १८८४ चा जिल्हा गॅझेटियरही त्याच स्पेलिंगनं सापडतो. या एका अक्षरापायी मुलं ‘सोलापूरवर काही साहित्यच नाही’ असं लिहून मोकळी होतात, ते वाचून माझ्या जिवाला लागायचं.

कॉपी केल्यावर अक्षरांचा काला का होतो, ते कुणी टायपिंगवाल्यानं सांगितलेलं बरं.

---

नवीपेठ_डीटीपी

मी सांगतो. २२ वर्षं नव्या पेठेत डीटीपीचं दुकान चालवतोय. किती प्रबंध टाइप केले त्याचा हिशोब नाही, पण मुलं पेढे घेऊन यायची ते चांगलं आठवतं.

ताई, तुमचा तो प्रबंध जुन्या फॉन्टात आहे. श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव, यांपैकी काहीतरी. त्या फॉन्टांत संगणकाला मराठी कळत नसायचं. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच, आम्ही फक्त त्यांच्यावर मराठी चेहरा चढवायचो. श्रीलिपीत ‘क’ उमटतो तिथं आतमध्ये इंग्रजी एच आणि डॉलरची खूण असते. ‘म’ असतो तिथं खालची आडवी रेघ. तेव्हा पडद्यावर, कागदावर ‘कामगार’ स्वच्छ दिसतं, पण फाइलच्या पोटात तो शब्दच नाही. मग शोधणाऱ्याला कुठून सापडणार? फाइल कॉपी करताना तुम्हाला दिसला तो काला म्हणजे फाइलचं खरं रूप.

आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आमचं काम छापून देण्यापुरतं. विद्यापीठ पाच प्रती मागायचं, त्या बांधून दिल्या की झालं. पुढं २००९ च्या यूजीसीच्या नियमांनी प्रबंधाची सॉफ्ट कॉपीही द्यावी लागायला लागली, तेव्हा मुलं म्हणायची ‘दादा, पीडीएफ करून द्या’ आणि आम्ही त्याच फाइलीचं पीडीएफ करून द्यायचो. माझ्या हातचे कितीतरी प्रबंध आज शोधगंगेवर असतील आणि कुणाला सापडत नसतील. तुमची पोस्ट वाचली त्या रात्री झोप नाही लागली.

उपाय आहे. पीडीएफची पानं गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गूगल डॉक्सनं उघडा’ करा. ते पानाचं चित्र बघून मराठी ओळखतं, आतल्या खुणांकडे जात नाही. एकदम मोठी फाइल घेत नाही, तेव्हा दहा-दहा पानांचे तुकडे करा. साध्या मजकुराला चांगलं चालतं, तक्त्यांची मात्र वाट लागते, तक्ते हातानंच उतरवा. दुसरा मार्ग फॉन्ट बदलून युनिकोड करायचा, म्हणजे ज्यात संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं ते. फॉन्ट नेमका कोणता ते कळलं तर तो जास्त नेटका. पीडीएफ उघडून फाइलच्या गुणधर्मांत फॉन्टची नावं दिसतात, ती मला कळवा.

आणि तुमचा स्वतःचा प्रबंध पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच टाइप करा. टाइप करणारा ‘त्या फॉन्टात अक्षर छान दिसतं’ म्हणाला तरी ऐकू नका. मी स्वतः असं म्हणायचो.

---

बार्शीकर_९७

आमच्या विभागात अजून जुन्याच फॉन्टात करून घेतात. गाइड सरांना हे वाचून दाखवतो. आणि पासवर्डचं मी लिहिलं होतं ते मागे घेतो, अख्खं विद्यापीठ बंद होतं हे माहीत नव्हतं.

---

अशोकचौकवाली

विद्यापीठाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. खातं उघडून दिलं, आणि खाली एक ओळ: ‘बाहेरगावच्या सर्व अर्धवेळ संशोधकांची यादी मागवली आहे.’ त्या रात्री कॅम्पसवरून अर्धवट आलेले दोन्ही लेख पूर्ण उतरवले. गाडीच्या तिकिटाशिवाय.

दादा, फॉन्टची नावं तुम्हाला पाठवली आणि तुम्ही दोन दिवसांत चौथं प्रकरण युनिकोडमध्ये करून दिलंत, पैसेही घेतले नाहीत. त्यात विडी कारखान्यातल्या बायकांच्या मुलाखती आहेत. एका बाईनं पान कसं कापायचं ते सांगितलंय, ते मी अम्माला तेलुगूत करून वाचून दाखवलं. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, ‘आधी शीर कुठं आहे ते बघायचं, मग साचा ठेवायचा. तिनं सांगितलं असेल, लिहिणाऱ्यानं गाळलं.’ ते मी माझ्या टिपणात घेतलंय, अम्माच्या नावानं.

एक अडचण राहिलीय. त्या फाइलीत ‘विडी’ शोधलं तर अजूनही शून्य येतंय. डोळ्यांना तर पानोपानी दिसतंय.

---

नवीपेठ_डीटीपी

पहिली वेलांटी, ताई. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर लागते. बदलताना काही ठिकाणी ती आधीच्या जागीच राहिलीय, माझ्या नजरेतून सुटलं. ‘शोधा आणि बदला’ मध्ये वरच्या चौकटीत फाइलीतलाच शब्द कॉपी करून टाका, खालच्या चौकटीत स्वतः टाइप केलेला ‘विडी’, आणि ‘सगळे बदला’ करा. मग ‘किंमत’, ‘शिक्षण’, ‘स्त्रिया’ यांचंही तसंच करून बघा.

---

अशोकचौकवाली

केलं. १४३ ठिकाणी बदललं. आता सापडतंय.